गाडीचा क्लेम वेगळा, माणसाचा वेगळा

नाशिकच्या द्वारका सर्कलला किंवा मुंबई नाक्यावर दोन गाड्या भिडल्या की गर्दीतून एक सल्ला हमखास येतो: "जाऊ द्या हो भाऊ, इथल्या इथं मिटवून टाका." नुसता बंपर फुटला असेल तर मिटवावं, त्यात शहाणपणच आहे. पण कुणाला लागलं असेल तर हा सल्ला फार महागात पडतो. अपघात ताजा असतो तोवर माणूस उभा राहतो, बोलतो, "काही नाही झालं" म्हणतो. गुडघा रात्री सुजतो, चार दिवसांनी एमआरआयमध्ये लिगामेंट फाटल्याचं कळतं, आणि तोवर समोरच्याने दिलेला मोबाइल बंद लागायला लागतो. दोन हजार रुपये घेऊन सोडून दिलेल्या गाडीचा नंबरही कुणी टिपलेला नसतो.

"फुल इन्शुरन्स आहे" म्हटलं की सगळ्यांचं सगळं भरून निघतं, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. दुसरा समज असा की भरपाई कोर्टात ठरते. निकाल कोर्टात लागतो हे खरं, पण त्याचा पाया पहिल्या आठवड्यातच पडतो. तोही अशा लोकांच्या हातून, ज्यांच्या डोक्यात भरपाईचा विचारसुद्धा नसतो: कॅज्युअल्टीतला डॉक्टर, पंचनामा लिहिणारा हवालदार आणि घाबरलेला नातेवाईक.

पॉलिसीच्या पोटात काय असतं

आपण एकच कागद घेतो, पण आत वेगवेगळी कव्हरं असतात. पहिलं थर्ड पार्टी. हे कायद्याने सक्तीचं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 146. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला लागलं, कुणी दगावलं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ते पैसे विमा कंपनी देते. जीवितहानी आणि दुखापतीसाठी या कव्हरला रकमेची वरची मर्यादा नसते. अपघाताचे दावे चालवणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते, खासगी कारसाठी साधारणपणे साडेसात लाख रुपये. हे कव्हर नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं विशेष वाटत नाही, पण विमा नसताना अपघात झाला तर सगळी भरपाई मालकाच्या घरादारावर येते, हे लोक विसरतात.

दुसरं कव्हर ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं. ते ऐच्छिक आहे. इथे एक गफलत नेहमी होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. मालकाला वाटतं, "आपला विमा तीन वर्षांचा आहे," आणि दुसऱ्या वर्षी कसारा घाटात गाडी कठड्याला घासल्यावर कळतं की स्वतःच्या गाडीचं कव्हर केव्हाच संपलंय.

तिसरं मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, 15 लाखांचा. मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच तो लागू होतो. मृत्यू, हात-पाय किंवा डोळा कायमचा जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व एवढ्यालाच तो पैसे देतो. पाय मोडून प्लेट बसवली, दोन महिने घरी बसावं लागलं, तर या 15 लाखांतला एक रुपयाही मिळत नाही. हॉस्पिटलच्या बिलासाठी हा विमा नाहीच, त्यासाठी मेडिक्लेम.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालतात. पादचारी, समोरची गाडी, त्या गाडीतली माणसं हे सरळ आहे. तुमच्या कारमध्ये बसलेला मेहुणा? कारची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र, असेल तर त्याला संरक्षण मिळतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर कंपनी हात वर करते. स्कूटरवर मागे बसलेल्याचंही तसंच. आणि ज्याच्या स्वतःच्याच चुकीने गाडी उलटली, त्याला किंवा त्याच्या वारसांना स्वतःच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण कोर्टांची भूमिका स्पष्ट आहे: हा विमा दुसऱ्यासाठी काढलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात याहून मोठा प्रश्न मालवाहू गाड्यांचा आहे. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या रस्त्यांवर पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने उभे असलेले मजूर रोज दिसतात. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची जोखीम विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितलंय. कांदा घेऊन लासलगावला निघालेला शेतकरी आपल्या मालाबरोबर टेम्पोत बसला असेल तर त्याला संरक्षण आहे, कारण तो मालाचा मालक. गाडीमालकाच्या स्वतःच्या कामगारालाही काही प्रमाणात आहे. पण वाटेत हात दाखवून चढलेला पाहुणा आणि मुकादमाने कोंबलेली टोळी यांची भरपाई शेवटी गाडीमालकाच्या डोक्यावर येते, आणि पिकअपवाल्याकडून ती वसूल होणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

कॅज्युअल्टीतली एक ओळ

पहिल्या आठवड्यातल्या कागदांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

जखमीला त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला न्या, आडगावच्या मेडिकल कॉलेजला न्या किंवा एखाद्या खासगी हॉस्पिटलला. रस्ता अपघात म्हटल्यावर तिथे एमएलसी होते, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद. त्यात एक रकाना असतो: दुखापत कशी झाली. जखमी बोलण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात. "पोलिसांचं लचांड मागे नको" म्हणून तो सांगून टाकतो, "गाडी स्लिप झाली." डॉक्टर तेच लिहितात.

दोन वर्षांनी न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीचे वकील तो कागद जखमीच्या हातात देतात. "ही नोंद कुणी सांगितली?" "भावाने." "म्हणजे तुमचा भाऊ खोटं बोलला का?" "नाही." "मग गाडी स्लिप झाली हे खरं?" एवढ्यावर केस मेली असं नाही, इतर पुरावा असेल तर ती उभी राहते. पण त्या एका ओळीचा खुलासा करण्यात पुढच्या कितीतरी सुनावण्या जातात. म्हणून कॅज्युअल्टीत घडलं ते आणि तेवढंच सांगायचं: कुठून आलो, कुठल्या गाडीने कुठून धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबर. माहीत नसेल तर "अज्ञात चारचाकी" असं सांगायचं. अंदाजाने नंबर सांगणं त्याहून वाईट.

पोलिसांचं काम हद्दीवर चालतं. अपघात वाडीवऱ्हेजवळ झाला आणि पेशंट नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये असला, तर जबाब एकीकडे आणि गुन्हा दुसरीकडे असं होतं. इथले कागद तिथे पोहोचले का, हे नातेवाइकांनीच फोन करून विचारत राहावं लागतं. गुन्हा उशिरा नोंदला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. जखमीला वाचवायचं की ठाण्यात बसायचं, हे कोर्टालाही कळतं. पण उशीर जितका जास्त, तितकी "गाडी नंतर घुसवली" ही शंका दाट. विमा असलेली ओळखीची गाडी मागाहून कागदावर आणण्याचे प्रकार झालेले आहेत, त्यामुळे कंपन्याही प्रत्येक उशिराकडे त्याच नजरेने पाहतात. खोट्यांचा भुर्दंड खऱ्यांना पडतो, तो असा.

घटनास्थळ पंचनामा लिहिला जातो तेव्हा आपलं एखादं शहाणं माणूस तिथे असावं. गाड्या कुठे उभ्या होत्या, ब्रेकच्या खुणा, दुभाजक, दिवा होता की नाही, यावर पुढे चूक कुणाची हे ठरतं. मोबाइलवर फोटो काढताना नुसता चेपलेला दरवाजा काढू नका. रस्त्याची रुंदी आणि दोन्ही गाड्या एका चौकटीत येतील असे दोन-चार काढा. घोटी, शिंदे किंवा पिंपळगावच्या टोलनाक्यावरचं, एखाद्या पेट्रोल पंपावरचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवायला सांगणारा अर्ज पोलिसांकडे आणि त्या पंपाकडे लगेच द्यायचा आणि पोच घ्यायची.

2022 पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत प्रथम अपघात अहवाल आणि 90 दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज धरता येतो, अशीही कायद्यात सोय आहे. कागदावर ही फार चांगली व्यवस्था आहे. तरी तिच्या भरवशावर घरी बसू नये असं माझं मत. अहवालाची प्रत मागून घ्या आणि आपला अर्ज आपण करा.

जाता जाता एक. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलून नेणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, नाव सांगायचीही नाही. कलम 134अ त्यासाठीच आहे. "नंतर आपल्यालाच चकरा माराव्या लागतील" या भीतीने थांबू नका. 108 ला फोन करा आणि माणूस पोचवा.

पैसा कुठून कुठून येऊ शकतो

उपचारांपुरता पहिला आधार म्हणजे केंद्राची कॅशलेस योजना. मे 2025 मध्ये ती अधिसूचित झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. अपघात कुठल्याही रस्त्यावरचा चालतो, चूक कुणाची हा प्रश्न नाही. योजनेत नसलेल्या हॉस्पिटलमध्ये फक्त पेशंट स्थिर करण्यापुरते उपचार बसतात. अ‍ॅडमिट करतानाच काउंटरवर विचारा. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नाही.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रन योजना आहे: मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. अर्ज कोर्टात नाही, महसूल यंत्रणेकडे करायचा. प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा. हाड मोडलं तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच असते, त्यामुळे "आमचं काही एवढं गंभीर नव्हतं" म्हणून पैसे सोडू नका. गाडी नंतर सापडली आणि तिच्याकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत वळती होते.

गाडी माहीत असेल तर दोन वाटा. एक कलम 164 ची: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, कुणाची चूक हे सिद्ध करायची गरज नाही. दुसरी कलम 166 ची: समोरच्याची चूक दाखवायची आणि खरोखर झालेलं सगळं नुकसान मागायचं. कंपनीच्या अधिकाऱ्याने पुढे केलेली 164 ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की 166 चा दावा संपतो. कमावता तरुण गेला असेल, पाय कापावा लागला असेल, तर 166 खाली मिळू शकणारी रक्कम कितीतरी पट असते. घरात पैशाची चणचण असताना समोर ठेवलेला चेक नाकारणं अवघड असतं हे मान्य, पण सही करण्याआधी हिशेब तरी करून पाहावा.

166 च्या अर्जाला आता मुदत आहे, अपघातापासून सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासून ही अट लागू झाली. तिच्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आहेत, पण कोर्टात काय होतंय याची वाट पाहत आपली मुदत घालवणं शहाणपणाचं नाही. पेशंट अजून बिछान्यावर असेल तरी अर्ज दाखल करता येतो. बिलं आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो.

अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही नाशिकला राहत असाल तर दावा नाशिकच्या न्यायाधिकरणात दाखल करता येतो. ते सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयातच बसतं. इंदूरकडे जाताना धुळ्याच्या पुढे धडक बसली म्हणून तिकडे खेटे घालायला नकोत.

बसमधल्या प्रवाशांसाठी आणखी एक गोष्ट. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेल चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक होऊन बस पेटली, तो दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. अशा अपघातात दोन्ही गाड्यांचे मालक आणि कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रवाशाची तर काहीच चूक नसते. कायदा सांगतो की त्याने दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागावी. आपसातली वाटणी ते दोघं पाहून घेतील. सरकार जाहीर करतं ती मदत वेगळी, ती मिळाली म्हणून हा दावा बंद होत नाही.

रक्कम निघते कशी

लोकांना वाटतं, न्यायाधीश मनाला येईल तो आकडा लिहितात. तसं नाही, त्याचं गणित आहे आणि ते कुणालाही मांडता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या दोन निकालांनी ते जवळजवळ पक्कं करून टाकलंय.

समजा, अंबड एमआयडीसीत लेथवर काम करणारा 34 वर्षांचा माणूस आहे. पगार महिना 18,000, म्हणजे वर्षाला 2,16,000. पुढे पगार वाढलाच असता, म्हणून चाळिशीच्या आतल्या खासगी नोकरदाराला किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्याला 40 टक्के वाढ धरतात. पक्क्या नोकरीला 50. झाले 3,02,400. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. 15 ते 25 वयाला 18, 31 ते 35 ला 16, 46 ते 50 ला 13, असा तो वयाबरोबर उतरत जातो आणि पासष्टीपुढे 5 होतो. आपल्या माणसाचा गुणक 16, म्हणजे 48,38,400. कमाई शंभर टक्के गेली असती तर हा आकडा.

आता अपंगत्व. इथे फार जणांची फसगत होते. डॉक्टरांच्या दाखल्यावर "उजव्या पायाचं 40 टक्के कायमचं अपंगत्व" असं लिहिलेलं असतं आणि घरचे 48 लाखांचे 40 टक्के मोजून बसतात. पण तो आकडा त्या पायाचा आहे. न्यायाधिकरण विचारतं, या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार कमाईतून जवळजवळ पूर्ण बाद होतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दुखापत एकच, नुकसान वेगळं. आपला लेथवाला आठ तास उभा राहू शकत नसेल आणि न्यायाधिकरणाने कमाईतली घट 25 टक्के धरली, तर 12,09,600 रुपये होतात. त्याने कारखान्यातून "उभ्याचं काम जमत नाही म्हणून काढलं" असं पत्र आणलं, मालकाला किंवा सुपरवायझरला साक्षीला उभं केलं, तर हाच टक्का वर जातो. टेबलावर बसून काम करणाऱ्याला कदाचित 10 टक्केच धरतील. म्हणून दाखला नुसता जोडून भागत नाही. तो देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसाठी बोलवावं लागतं, आणि तुम्ही कामावर नक्की काय करत होता हे सांगणारा माणूसही लागतो.

यावर उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च, जाण्यायेण्याचं भाडं, सकस आहार, यातना आणि पुढच्या ऑपरेशनचा अंदाज वेगळा. मूळ बिलं जपा. झेरॉक्सवर कंपनी आक्षेप घेते, आणि मेडिकलची थर्मल पावती वर्षभरात कोरी होते. म्हणून फोटो काढून ठेवायचा आणि मूळ कागदही. मेडिक्लेममधून बिल मिळालं असेल तरी ते भरपाईतून कापायचं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलंय. तुम्ही हप्ते भरले, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का?

मृत्यूच्या दाव्यात हेच गणित थोडं बदलतं. गेलेला माणूस स्वतःवर जो खर्च करत होता तो वजा होतो: दोन-तीन आश्रितांसाठी एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहिताचा निम्मा. आपला लेथवालाच गेला असता आणि मागे बायको, दोन मुलं, आई असती, तर 36,28,800 रुपये आणि वर अंत्यविधी, सहवासाचं नुकसान अशा ठरीव रकमा, ज्या दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढतात.

कमाई दाखवायची कशी, हा आपल्या जिल्ह्यातला खरा पेच. पगारपत्रक असेल तर सोपं. शेतकऱ्याचं काय? सातबारा जोडला की विमा कंपनी म्हणते, जमीन कुठे गेली, ती तर वारसांकडेच आहे. आणि कोर्ट हे बहुतेक वेळा मान्य करतं. भरपाई फक्त त्याच्या देखरेखीची आणि कष्टाची मिळते. म्हणून बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, सोसायटीचं कर्ज, ट्रॅक्टर भाड्याने दिल्याचे पैसे, दुधाची डेअरीतली बिलं, आता त्या कामासाठी ठेवलेल्या सालगड्याला द्यावा लागणारा पैसा हे सगळं दाखवा. गृहिणीच्या कामालाही किंमत आहे आणि तिच्यासाठी काल्पनिक उत्पन्न धरलं जातं, हे तर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. "ती घरीच असायची" असं जबाबात सहज बोलून जाणारे नवरे मात्र अजून आहेत.

जखमीची स्वतःची चूक असेल तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. ट्रिपल सीट होते एवढ्यावरून कापता येत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे कंपनीला दाखवावं लागतं.

कंपनी कुठे अडवते

लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं, ड्रायव्हर प्यायलेला होता, पॉलिसीची मुदत संपली होती. कंपनीची उत्तरं साधारण अशीच. मुदत संपली असेल तर विषय संपला. लायसन्सच्या वादात बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे जखमीला पैसा मिळतो, पण मालक सुटत नाही. कारच्या लायसन्सवर छोटा टेम्पो चालवणाऱ्यांसाठी मात्र चांगली बातमी आहे: 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीचं, लायसन्स पुरतं.

गाडी विकलेल्यांनी नीट वाचा. "टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर) सह्या करून दिल्यात, आता माझा संबंध नाही," असं म्हणणारे ढिगाने आहेत. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. एमएच 15 ची तुमची जुनी मोटारसायकल तीन हातांतून फिरून विम्याशिवाय कुणाला धडकली, तर नोटीस तुमच्या दारात येते. आरटीओमध्ये नाव बदललं की नाही, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं.

स्वतःच्या गाडीच्या क्लेमचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गुंता कमी आहे. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू नका. प्लॅस्टिक, रबर, बॅटरीवर 50 टक्के घसारा कापला जातो, काचेवर काहीच नाही, पत्र्यावर गाडीच्या वयानुसार. झिरो डेप हे जादा कव्हर घेतलेलं असेल तर ही कापणी टळते. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये पहिले 1,000 रुपये तुमचे. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. चार हजारांच्या बंपरसाठी क्लेम लावण्यापेक्षा खिशातून भरलेलं परवडतं. आपल्याच कंपनीने क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मात्र हे दोन्ही दरवाजे उपयोगाचे नाहीत, त्यासाठी न्यायाधिकरणच.

वकील, लोकअदालत आणि नंतरचं

अपघात वॉर्डाबाहेर "आमच्या साहेबांकडे केस द्या, एक पैसा भरू नका, निकालानंतर तीस टक्के" असं सांगणारी माणसं भेटतात. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई केलेलं आहे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका, मूळ कागद देताना यादी करून पोच घ्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे.

लोकअदालतीत तडजोड झाली की पैसा लवकर हाती येतो, पण त्यावर अपील नाही. वर मांडला तसा हिशेब कागदावर करून जा. कंपनीचा पहिला आकडा त्याच्या निम्म्यावर असेल तर पुढची तारीख घ्यायला लाजू नका. वाजवीच्या जवळ असेल तर आणखी तीन-चार वर्षांच्या तारखांपेक्षा तो बरा. निकाल लागला तर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, बहुतेक वेळा 6 ते 9 टक्क्यांच्या आसपास. मुलांचा वाटा न्यायाधिकरण ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून ठेवायला सांगतं, विधवेच्या रकमेचाही काही भाग ठेवायला सांगितला जातो. त्यावरून सासर-माहेरात कुरबुर होते, पण ज्यांनी ती रक्कम दिरांच्या धंद्यात जाताना पाहिली आहे त्यांना ही अट जाचक वाटत नाही.

रक्कम कमी वाटली किंवा कंपनीला जास्त वाटली, तर 90 दिवसांत मुंबईला उच्च न्यायालयात अपील. वाद एक लाखाच्या आतला असेल तर अपील नाही. कंपनीने अपील केलं तर तिला 25,000 रुपये किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मे, यांतली जी रक्कम कमी असेल ती आधी भरावी लागते. उरलेल्या रकमेला स्थगिती मागताना उच्च न्यायालय बहुधा तीही जमा करायला लावतं, आणि जमा झालेल्या पैशांतला काही भाग काढू द्या असा अर्ज जखमीला अपील चालू असतानाही करता येतो.